कंटेनरमध्ये पोती किती बसतील? सोलापूरच्या गोदामातून करायचा हिशोब

परदेशातल्या खरेदीदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका कंटेनरमध्ये माल किती येईल? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर फोनवरच दिलं जातं. कंटेनरचं घनफळ घ्यायचं, पोत्याच्या घनफळाने भागायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. मग रिकामा कंटेनर न्हावा शेवा बंदरातून चारशे किलोमीटर येऊन चिंचोळी किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गोदामासमोर उभा राहतो, आणि साठ पोती बाहेर उरतात. तोवर चलन तयार झालेलं असतं, पोत्यांवर खूणचिठ्ठी छापलेली असते, हमालांची टोळी आलेली असते.

हा हिशोब अवघड नाही. फक्त तो पोत्यापासून सुरू करावा लागतो, आणि पोतंही रिकामं नव्हे, भरलेलं, आपटून सपाट केलेलं, वर दहा पोत्यांचा भार घेतलेलं. खाली ज्वारीच्या ५० किलोच्या पोत्याचं उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. साखर, तूरडाळ, हरभरा यांना रीत तीच, मापं वेगळी.

कंटेनरची मापं

वीस फुटी साध्या कंटेनरची आतली लांबी साधारण ५.८९ मीटर, रुंदी २.३५ मीटर, उंची २.३९ मीटर. घनफळ ३३ घनमीटरच्या थोडं वर. दाराची उंची मात्र २.२८ मीटर, म्हणजे आतल्या उंचीपेक्षा अकरा सेंटीमीटरने कमी. हे अकरा सेंटीमीटर लक्षात ठेवा, पुढे कामाला येतात. चाळीस फुटीची लांबी १२.०३ मीटर, रुंदी आणि उंची तीच, घनफळ सुमारे ६७.७ घनमीटर. चाळीस फुटी हाय क्यूबची आतली उंची २.६९ मीटर, घनफळ ७६ घनमीटर.

वजनाचे आकडे दारावरच रंगवलेले असतात: कमाल एकूण वजन, रिकाम्या कंटेनरचं वजन आणि या दोन्हींची वजाबाकी, म्हणजे भरता येणारं वजन. वीस फुटीचं कमाल एकूण वजन आज बहुधा ३०,४८० किलो असतं आणि रिकामं वजन २,२०० ते २,३०० किलो, म्हणजे पेलोड अठ्ठावीस टनांच्या आसपास. जुन्या खोक्यांवर २४,००० किलोही दिसतं. म्हणून कोष्टकावर विसंबू नये. तुमच्या दारात जो डबा उभा आहे त्याच्या दारावरचा आकडा खरा.

भरलेलं पोतं कसं मोजायचं

ज्वारीसाठी नेहमी वापरतात ते विणलेलं प्लास्टिकचं पोतं रिकामं असताना ६१ × ९७ सेंमी भरतं, बाजारातल्या भाषेत २४ × ३८ इंच. याच मापावरून हिशोब करणारे हमखास चुकतात. भरल्यावर पोत्याची जाडी वाढते तशी रुंदी आत येते, तोंडाच्या शिलाईत पाचेक सेंटीमीटर जातात आणि कडा गोल होतात. ५० किलो ज्वारी भरलेलं हेच पोतं थप्पीत साधारण ८० × ५० सेंमी जागा घेतं.

जाडी मोजायची तर एका पोत्याची मोजून उपयोग नाही. ताजं भरलेलं पोतं फुगीर असतं, मधे टेप धरला तर बावीस-तेवीस सेंमी दाखवेल. त्यापेक्षा दहा पोत्यांची थप्पी मारा, प्रत्येक पोतं ठेवल्यावर हमाल नेहमी आपटून सपाट करतात तसंच करू द्या, आणि थप्पी रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी जमिनीपासून वरच्या पोत्याच्या माथ्यापर्यंत उंची घ्या. १७५ सेंमी भरली तर एका थराची उंची साडेसतरा सेंमी. खालची पोती जास्त दबतात, वरची कमी, सरासरी मात्र कंटेनरमध्ये पडेल त्याच्या जवळची मिळते.

पडताळा हवा असेल तर धान्याच्या घनतेवरून करून बघा. ज्वारीचा एक घनमीटर साधारण ७२० ते ७६० किलो भरतो, म्हणजे ५० किलोला ०.०६६ ते ०.०६९ घनमीटर. आपल्या पोत्याचं घनफळ ०.८० × ०.५० × ०.१७५ = ०.०७ येतं. थप्पीचं माप दाण्याच्या घनफळापेक्षा थोडंसं जास्त असणं बरोबर आहे. ते कमी आलं तर टेप चुकला आहे. खूपच जास्त आलं तर पोत्यात हवा अडकली आहे. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या साखरेच्या पोत्यांत हे सर्रास होतं. शिलाईआधी अस्तराचं तोंड दाबून हवा काढली नाही, तर प्रत्येक थर एक-दीड सेंमीने चढतो आणि शेवटी अख्खा एक थर कमी बसतो.

एक बारकावा आणखी. त्याच पोत्यात माल कमी भरला तर ते लहान होत नाही, पातळ आणि रुंद होतं. ५० ची रुंदी ५२ वर गेली की पुढे दिलेली मांडणी मोडते. म्हणून मालाला बेताचं पोतं निवडणं हाही या हिशोबाचाच भाग आहे.

जमिनीवर एक थर मांडून बघणे

आता गोदामाच्या फरशीवर खडूने दोन समांतर रेघा मारा, मधे बरोबर २३५ सेंमी. लांबी पूर्ण ५८९ सेंमी आखता आली तर उत्तम, नाहीतर तीन मीटरही पुरे. या चौकटीत खरी पोती मांडून बघा.

पोत्याची लांबी कंटेनरच्या लांबीच्या दिशेने असेल तर त्याला उभी ओळ म्हणू, रुंदीच्या दिशेने असेल तर आडवी. उभ्या ओळीत ५८९ भागिले ८०, म्हणजे ७ पोती. आडव्या ओळीत ५८९ भागिले ५०, म्हणजे ११. रुंदीत या ओळी कशा जमवायच्या, सगळी मेख इथेच आहे. चार उभ्या ओळी घेतल्या तर २०० सेंमी व्यापतात, ३५ सेंमी वाया, थरात २८ पोती. दोन आडव्या आणि एक उभी घेतली तर २१० सेंमी, थरात २९. एक आडवी आणि तीन उभ्या घेतल्या तर ८० + ५० + ५० + ५० = २३० सेंमी, आणि थरात ११ + २१ = ३२ पोती. नुसती एक ओळ फिरवली आणि थरामागे चार पोती वाढली, तेरा थरांत बावन्न. अडीच टनांहून जास्त माल.

आडव्या ओळीत बारावं पोतंही जाईल असं हमाल सांगतील, आणि ते खोटं नाही. बारा पोत्यांना ६०० सेंमी लागतात, जागा ५८९ आहे, म्हणजे प्रत्येक पोतं एकेक सेंमी दाबलं की झालं. पण दाबलेलं पोतं वर फुगतं आणि तिथे थर उंच होतो. कागदावर अकराच धरा. प्रत्यक्षात बारावं बसलं तर हाताशी थोडी ढील राहते.

थर किती

आतली उंची २३९ सेंमी, थर साडेसतराचा. तेरा थर २२७.५ सेंमीवर जातात, वर अकरा-साडेअकरा सेंमी उरतात. चौदावा बसत नाही. आता दाराची उंची आठवा: २२८. तेरावा थर आत, भिंतीकडच्या बाजूला नीट बसतो. दाराशी मात्र शेवटचा हमाल बाहेरून पोतं वर सारतो, आणि अर्ध्या सेंमीच्या मोकळिकीत पोतं सरकत नाही. म्हणून दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बाराच थर धरायचे.

हिशोब असा: ३२ × १३ = ४१६. दाराच्या रांगेतल्या वरच्या थराची पाच पोती (तीन उभी, दोन आडवी) वजा. राहिली ४११, धरू ४१०. वजन साडेवीस टन.

नुसतं घनफळ भागलं असतं तर ३३.२ भागिले ०.०७ म्हणजे ४७४ पोती आली असती. फरक ६४ पोत्यांचा, तीन टनांहून जास्त. ही जागा जाते कुठे? लांबीत दाराशी उरलेले तीस-चाळीस सेंमी, रुंदीतले पाच, छतालगतचे अकरा, एवढंच. पण प्रत्येक ठिकाणी उरलेली फट एका पोत्यापेक्षा लहान आहे, म्हणून ती मोजून उपयोगाची नाही. एकूण घनफळाचा पंच्याऐंशी ते नव्वद टक्के भाग हाती लागला तर मांडणी चांगली म्हणायची. कोणी पंच्याण्णव टक्क्यांचा वायदा करत असेल तर त्याच्या पोत्याचं माप एकदा तपासा.

दाराशी उरलेल्या फटीत पोती उभी सारायचा मोह होतो. तो टाळा. समोरच्या बंदरावर दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर पहिलं तेच पोतं येतं.

वजनाची बाजू

४१० पोत्यांना वजनाची अडचण नाही. विणलेलं प्लास्टिकचं पोतं शंभर-सव्वाशे ग्रॅमचं असतं, सगळी मिळून पन्नासेक किलो. तागाचं पोतं मात्र अर्ध्या किलोच्या वर जातं, तिथे चारशे पोत्यांत दोन-सव्वादोनशे किलो नुसतं बारदान होतं. निव्वळ आणि एकूण वजनातला हा फरक कागदपत्रांत दिसला पाहिजे.

साखरेत पोतं लहान आणि जड. एक घनमीटर साखर ८०० ते ८५० किलो भरते, त्यामुळे ५० किलोच्या पोत्याचा थर पंधरा-साडेपंधरा सेंमीचा पडतो. ७८ × ५० × १५.५ सेंमीचं पोतं धरलं तर थरात तीच ३२, आत पंधरा थर, दाराशी चौदा: साधारण ४७५ पोती, पावणेचोवीस टन. सराईत टोळी फटी भरून, आडव्या ओळीत बारावं पोतं सारून पाचशेच्या पुढेही नेते. तेव्हा माल पंचवीस-सव्वीस टनांवर जातो आणि जागा व वजन या दोन्ही मर्यादा एकमेकींना टेकतात.

आता चाळीस फुटी बघा, कारण खरी फसगत तिथे होते. मोठा डबा म्हणजे दुप्पट माल, असं वाटतं. ज्वारीच्याच पोत्याचा एक थर: उभ्या ओळीत १५, अशा तीन ओळी म्हणजे ४५, आडव्या ओळीत २४, एकूण ६९. तेरा थर लावले तर जवळपास ९०० पोती, पंचेचाळीस टन. पण कमाल एकूण वजन ३०,४८० असलेल्या चाळीस फुटीचं रिकामं वजनच पावणेचार टनांच्या आसपास जातं, भरता येतात २६,७०० किलो. म्हणजे ५३० पोती. डबा अर्ध्याहून थोडा जास्त भरतो आणि वरची जागा हवा वाहते. वीस फुटीत ४१०, चाळीस फुटीत ५३०: या १२० पोत्यांसाठी भाडं किती जास्त द्यावं लागतं ते बघून ठरवा.

ढोबळ कसोटी अशी, की पोत्यात भरलेल्या मालाचं वजन घनमीटरला साडेचारशे किलोच्या वर असेल तर चाळीस फुटी आधी वजनाने भरतो, खाली असेल तर जागेने. ज्वारी, गहू, हरभरा, तूरडाळ, साखर हा सगळा वीस फुटीचा माल. सुकी मिरची, कोंडा, भुसा असला हलका माल चाळीस फुटीत किंवा हाय क्यूबमध्ये शोभतो. सोलापुरी चादरी आणि टेरी टॉवेल गाठी-खोक्यांतून जातात, त्यांना थप्पीचं गणित लागत नाही, खोक्याचं माप पक्कं असतं.

चाळीस फुटीत अर्धवट थर आला तर तो कुठे ठेवायचा हेही ठरलेलं असावं. ५३० मधली ४८३ पोती सात पूर्ण थरांत जातात, उरतात ४७. ती दाराशी किंवा पुढच्या भिंतीशी रचू नका, लांबीच्या मधोमध पसरा. डब्याच्या निम्म्या लांबीत एकूण मालाच्या साठ टक्क्यांहून जास्त वजन येता कामा नये, ही सर्वसाधारण शिस्त आहे. कलता भार क्रेनवर उचलताना दिसतो आणि त्याआधी घाटात ट्रेलरला जाणवतो. पुणे ओलांडून बोर घाट उतरताना उंच आणि मोकळी रचलेली पोती पुढे सरकतात.

पॅलेट आणि जंबो बॅग

पॅलेटवर, म्हणजे फोर्कलिफ्टने उचलायच्या लाकडी चौकटीवर, माल मागितला तर आकडा वेगळाच. ११० × ११० सेंमीची दहा पॅलेट वीस फुटीच्या जमिनीवर बसतात, पाच-पाचच्या दोन रांगा. पॅलेटची स्वतःची उंची चौदा-पंधरा सेंमी, वजन वीस किलोच्या पुढे, आणि पोतं पॅलेटच्या काठाबाहेर लोंबू नये हे बंधन. एका पॅलेटवर पोती किती बसतात ते खरं रचूनच मोजा. हाताने भरलेल्या डब्यापेक्षा माल बराच कमी जाणार हे खरेदीदाराला आधीच सांगा. लाकूड उष्णताप्रक्रिया केलेलं आणि शिक्का असलेलं हवं.

एक टनी जंबो बॅग दहा खाली, दहा वर अशा वीस जातात. मात्र भरलेल्या बॅगेची उंची एक मीटरच्या आत ठेवा. दोन मिळून दोन मीटर, वर फोर्कलिफ्टने उचलायला जागा, आणि दार २२८.

भरताना काय बिघडतं

विटेच्या भिंतीसारखा सांधा मोडला पाहिजे. पहिल्या थरात आडवी ओळ डावीकडे असेल तर दुसऱ्यात उजवीकडे. एकाच जागी एकावर एक मनोरे चढत गेले तर प्लास्टिकची पोती एकमेकांवरून घसरतात. तागाच्या पोत्यांत हे कमी, ती एकमेकांना धरतात. पोत्याची शिवलेली तोंडं शक्यतो आतल्या बाजूला, म्हणजे शिलाई सुटली तरी दाणा बाहेर सांडत नाही. हूक अजिबात नको. पोतं कानाला धरून उचलायचं. हुकाच्या एका भोकातून चार हजार किलोमीटरच्या प्रवासात किती ज्वारी गळते ते फाटलेल्या पोत्याचा दावा आला की कळतं.

डबा घेण्याआधी आत शिरून दार लावून घ्या. अंधारात छताला कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तो डबा परत. भिंतीला पोक आला असेल तर रुंदी टेपने मोजा. २३५ चे २३१ झाले असतील तर २३० ची मांडणी कशीबशी बसते, त्याहून कमी असेल तर तीन उभ्या ओळींतली एक रडते आणि थरामागे सात पोती जातात.

सोलापुरातून मे महिन्यात माल भरताना एक गोष्ट विसरली जाते. इथे चाळीस अंशांच्या पुढे हवा कोरडी असते, पोतं तापलेलं असतं. तोच डबा समुद्रावर रात्री गार पडला की छताच्या पत्र्याला पाणी धरतं आणि वरच्या थरावर टपकतं. म्हणून छतालगतचे अकरा सेंमी मोकळेच राहू द्या. भिंतींना आणि वरच्या थराला जाड खाकी कागद, बाजूला ओल शोषणाऱ्या पुड्या. पुड्या टांगायची जागा हिशोबात आधी धरा, शेवटी कोंबू नका.

मोजणी थरावर चालू द्या. ट्रकच्या मागे उभं राहून एकेक पोतं मोजणारा माणूस तिसऱ्या तासाला चुकतोच. फळ्यावर पाच-पाचच्या रेघा, प्रत्येक रांग उभी राहिली की तिचे थर मोजून पडताळा, आणि तीन टप्प्यांवर फोटो: पाव, अर्धा, पूर्ण. दार लावण्याआधी शेवटची रांग पायरीसारखी आत झुकवा आणि जाळी किंवा पट्ट्याने बांधा.

काटा आणि रस्ता

१ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. ते दोन रीतींनी देता येतं: भरलेला डबाच काट्यावर घेऊन, किंवा माल, बारदान, पॅलेट, कागद यांचं वजन मोजून त्यात दारावरचं रिकामं वजन मिळवून. आपल्या ज्वारीचं गणित: ४१० × ५० = २०,५००, बारदान ५०, डबा २,२५०, म्हणजे २२,८०० किलो. कागद-पुड्या धरून थोडं वर. काट्यावर गाडीसकट वजन केलं तर ट्रेलरचं रिकामं वजन त्याच काट्यावर, त्याच डिझेलवर घ्या. टाकीतला फरकच कधीकधी दोनशे किलोचा असतो.

रस्त्याची मर्यादा दाराच्या आकड्यापेक्षा कमी असू शकते. ट्रेलरच्या नोंदणीपत्रावर गाडीसकट कमाल वजन लिहिलेलं असतं, त्यातून ट्रेलर आणि रिकामा डबा वजा करा. अतिभाराला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहेत. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो, म्हणजे हमाली दुसऱ्यांदा.

खरेदीदाराला आकडा कसा द्यायचा

हिशोब ४१० आला की बोली ४०० ची करा. वीस टन हा आकडा कागदावरही सोपा पडतो. दहा पोत्यांची मोकळीक थर फुगण्याला आणि एखाद्या पोकलेल्या भिंतीला पुरते. उरलीच जागा तर ती दाराशी पायरी करायला वापरा.

पतपत्र (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी) असेल तर शब्दांकडे बारीक लक्ष हवं. बँका ज्या यूसीपी ६०० नियमांवर चालतात त्यांतल्या कलम ३० प्रमाणे मालाच्या परिमाणात पाच टक्के कमी-जास्त चालतं, पतपत्राच्या रकमेपलीकडे न जाता. पण ही सवलत परिमाण पोत्यांच्या किंवा नगांच्या संख्येत लिहिलं असेल तर मिळत नाही. ‘२० टन ज्वारी’ लिहिलं तर ३९२ पोती गेली तरी कागद पास होतात. ‘४०० पोती’ लिहिलं आणि ३९९ गेली, तर बँक तफावत काढते. संख्येच्या आधी ‘सुमारे’ अशा अर्थाचा शब्द घालून घेतला तर दहा टक्क्यांची मुभा मिळते. हा शब्द पतपत्र उघडण्याआधीच मागून घ्यायचा, नंतरच्या दुरुस्तीला बँकेचे पैसेही लागतात आणि दिवसही.